तिशीतल्या रनिंग बॅकला जाडजूड कॉन्ट्रॅक्ट द्यावं का?

तुमचा प्रश्न असा, की एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) बॉल्टिमोर रेव्हन्सनी मे २०२५ मध्ये डेरिक हेन्री ह्या रनिंग बॅकला, म्हणजे बॉल हातात घेऊन पळणाऱ्या खेळाडूला, दोन वर्षांचं ३० मिलियन डॉलरचं एक्स्टेंशन दिलं, त्यातले २५ मिलियन गॅरंटीड, तेव्हा हेन्री ३१ वर्षांचा, आणि रनिंग बॅक २७ नंतर उतरणीला लागतो हे तर एनएफएल बघणारं शेंबडं पोरही सांगतं, मग ही टीम डोक्यावर पडलीय का. नाही, पडलेली नाहीये. स्टार रनिंग बॅक म्हातारा असला तरी मोठे पैसे देण्यालायक असू शकतो, फक्त "मोठे" म्हणजे किती, किती वर्षांसाठी, आणि मुख्य म्हणजे त्याच्या पुढे ब्लॉक करायला, म्हणजे समोरच्यांना अडवून वाट करून द्यायला, लाइनमध्ये कोण उभं आहे, ह्यावर सगळं आहे. आधीच सांगून ठेवतो, मी बरीच वर्षं एजंट लोकांच्या बाजूला बसून कॉन्ट्रॅक्टचे आकडे लावतो, म्हणजे खेळाडूला जास्त मिळालं तर आमचं भलं, तेव्हा माझं बोलणं जरा तपासून घ्या.

सगळ्यात आधी एक गंमत बघा. गेल्या आठ-दहा वर्षांत रनिंग बॅकची जी कॉन्ट्रॅक्ट टीमच्या अंगाशी आली ती म्हाताऱ्यांना दिलेली नव्हतीच. टॉड गर्लीला रॅम्सनी जुलै २०१८ मध्ये चार वर्षांचं ५७.५ मिलियनचं एक्स्टेंशन दिलं, ४५ मिलियन गॅरंटीच्या नावाखाली, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. ईझिकिएल एलियट, डॅलस, सप्टेंबर २०१९, सहा वर्षं ९० मिलियन, वय २४. क्रिश्चन मॅककॅफ्री, कॅरोलिना, एप्रिल २०२०, चार वर्षं ६४ मिलियन, वय २३. हे तिघंही ड्राफ्टच्या (टीमनी कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या राउंडचे, आणि तिघांनाही पहिले तीन सीझन संपल्यावर, म्हणजे नियमाने नवीन बोलणी करता येतात त्या पहिल्याच उन्हाळ्यात पैसे दिले गेले, जुन्या करारातली वर्षं शिल्लक असताना! एलियट तर तेव्हा मेक्सिकोत काबोला जाऊन बसला होता, कॅम्पला येईना, आणि टीमचे मालक जेरी जोन्स शेवटी नमले.

गर्लीचं काय झालं ते जरा नीट सांगतो कारण सगळा धडा तिथेच आहे. कॉलेजात, जॉर्जियाला असताना, २०१४ मध्ये त्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट, फाटलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. २०१७ ला ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. कॉन्ट्रॅक्टनंतरच्या सीझनला पण १२५१ यार्ड (बॉल घेऊन पळून कापलेलं अंतर), २१ टचडाऊन, म्हणजे पैसे वसूल असंच वाटत होतं, पण डिसेंबरात तोच गुडघा सुजला, शेवटच्या दोन मॅच बाहेर, आणि रॅम्सनी सी. जे. अँडरसन नावाचा माणूस आणला ज्याला त्याच सीझनमध्ये आधीच्या टीमनी सोडून दिलं होतं, अक्षरशः घरी बसलेला माणूस. प्लेऑफमध्ये डॅलसविरुद्ध त्या अँडरसननी १२३ यार्ड काढले आणि गर्लीने ११५. एकाच मॅचमध्ये, एकाच लाइनमागे. आता तुम्हीच सांगा ते यार्ड कोणाचे. सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, गर्ली बॉल घेऊन १० वेळा पळाला, ३५ यार्ड. २०१९ ला ८५७ यार्ड, मार्च २०२० ला नारळ, आणि त्यानंतर २० मिलियनच्या वर डेड मनी (म्हणजे काय ते पुढे सांगतो) रॅम्सच्या डोक्यावर. अटलांटात एक सीझन काढून पोरगा २६ व्या वर्षी संपला.

हे असं का होतं तर पोझिशनचं वेळापत्रकच वाकडं आहे. २१-२२ व्या वर्षी ड्राफ्ट, चार वर्षांचं रूकी (नवख्याचं) कॉन्ट्रॅक्ट ज्याची रक्कम ड्राफ्टच्या नंबरवर जवळजवळ ठरलेली, पहिल्या राउंडवाल्यांना वर पाचव्या वर्षाचा ऑप्शन, मग टीम हवं तर फ्रँचायझी टॅग (ठरलेल्या पगारावर टीमचा एकतर्फी हक्क) लावून आणखी एक वर्ष अडकवणार. म्हणजे रनिंग बॅकची सगळ्यात ताकदीची वर्षं स्वस्तात जातात, आणि दुसरं मोठं कॉन्ट्रॅक्ट येतं तेव्हा ते झालेल्या कामाचं बक्षीस असतं, शुद्ध वरातीमागून घोडं. २०२३ च्या उन्हाळ्यात सॅक्वॉन बार्कली, जॉश जेकब्स आणि टोनी पोलार्ड तिघांना साधारण १०.१ मिलियनचा टॅग लागला तेव्हा मोठमोठे रनिंग बॅक झूमवर जमून रडारड करत होते (रडारड म्हणतो पण त्यांचं खरंच होतं, जेकब्स आदल्या सीझनला १६५३ यार्ड काढून लीगमध्ये पहिला आलेला).

आता डेड मनी. हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आयपीएलमध्ये टीमनी खेळाडू सोडला की त्याची रक्कम पुढच्या ऑक्शनच्या पर्समध्ये परत येते, विषय संपला. एनएफएलमध्ये तसं नाहीये. साइनिंग बोनस आज रोख दिला जातो पण सॅलरी कॅपच्या (टीमच्या पगारखर्चावरच्या वार्षिक मर्यादेच्या) हिशोबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो. समजा २० मिलियन बोनस दिला, दर वर्षी ४ चा बोजा. दोन वर्षांनी माणूस कापला तर उरलेले १२ एकदम कॅपवर येऊन आदळतात, एक जूननंतर कापला तर दोन वर्षांत विभागून. माणूस घरी, पैसे तुमच्या कॅपवर. म्हणून लांब कॉन्ट्रॅक्ट हे रनिंग बॅकच्या बाबतीत विष आहे, आणि हे वयावर नाही तर वर्षांच्या संख्येवर अवलंबून आहे. तेवीसच्या पोराला चार नवीन वर्षं दिली आणि जुनी दोन शिल्लक होती तर तुम्ही सहा वर्षांची पैज लावलीत, म्हणजे एकोणतिसापर्यंतची. तिशीतल्या माणसाला दोन वर्षं दिलीत तर पैज दोनच वर्षांची.

दुसरं म्हणजे नुसते डॉलर बघू नका, कॅपचा हिस्सा बघा. गर्ली, एलियट, मॅककॅफ्री तिघांची वार्षिक सरासरी त्या त्या वर्षीच्या कॅपच्या साधारण ८ टक्के येते. मी स्वतः भागाकार केलाय, १७७.२, १८८.२ आणि १९८.२ मिलियन असे ते कॅप होते. २०२४ ला कॅप २५५.४ झाला आणि हेन्रीला रेव्हन्सनी काय दिलं, तर दोन वर्षांचे १६ मिलियन, म्हणजे वर्षाला ८, कॅपच्या जेमतेम ३ टक्के. गॅरंटी ९. त्याच आठवड्यात टेनेसीने हेन्रीच्या जागी टोनी पोलार्डला घेतलं तीन वर्षं २१.७५ मिलियनला, म्हणजे वर्षाला सव्वासात. नीट वाचा परत, हेन्री आठ आणि पोलार्ड सव्वासात! फरक फक्त वयाचा, पोलार्ड तीनेक वर्षांनी लहान. त्या सीझनला हेन्री १९२१ यार्ड आणि १६ टचडाऊन, पोलार्ड १०७९ यार्ड. टेनेसी ३ जिंकून १४ हरलेली, बॉल्टिमोर १२ जिंकून ५ हरलेली. बाजाराने वयाची भीती इतकी धरली होती की म्हातारा स्वस्त झाला होता, आणि माझं तर म्हणणंच हे आहे की रनिंग बॅकमध्ये तरुण स्टार महाग पडतो आणि म्हातारा स्टार बऱ्याचदा स्वस्त पडतो, कारण म्हाताऱ्याची जोखीम सगळ्यांना दिसते म्हणून किमतीत आधीच कापली जाते, तरुणाची कोणी कापतच नाही.

पण थांबा, पोलार्डवर अन्याय नको. हेन्री टेनेसीतच राहिला असता तर १९२१ काढले असते का? अजिबात नाही. २०२३ ला टेनेसीच्या त्या मोडक्या लाइनमागे हेन्रीची एका पळीमागे सरासरी ४.२ यार्ड होती. एक वर्षाने म्हातारा झाला, बॉल्टिमोरला गेला आणि ५.९. माणूस तोच. बदललं काय तर लमार जॅक्सन, बॉल्टिमोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, चाल चालवणारा माणूस. क्वार्टरबॅक स्वतः पळू शकतो म्हटल्यावर डिफेन्सचा कडेचा माणूस एक क्षण थबकतो, हा बॉल घेऊन पळणार की लमार, आणि त्या एका क्षणात सव्वासहा फुटी, अडीचशे पौंडाचा माणूस भोकातून आत शिरलेला असतो. वर पॅट्रिक रिकार्डसारखा तीनशे पौंडाचा फुलबॅक पुढे ब्लॉक करायला. टेनेसीत ह्याच माणसाला बॉल हातात येईपर्यंत दोन जण मिठी मारायला उभे असायचे.

बार्कलीचं तर ह्याहून स्पष्ट आहे. जायंट्सकडे २०२३ ला ३.९ सरासरी. ईगल्सनी मार्च २०२४ ला तीन वर्षं ३७.७५ मिलियन दिले, आणि मेलाटा, डिकरसन, जर्गन्स, लेन जॉन्सन ह्या लाइनमागे, क्वार्टरबॅक हर्ट्स शेजारी, ५.८ च्या सरासरीने २००५ यार्ड, प्लेऑफ धरून २५०४, सुपर बोल खिशात. मग मार्च २०२५ ला ईगल्सनी त्याला दोन वर्षांची ४१.२ मिलियनची वाढ दिली, वर्षाला वीसच्या पुढे जाणारा पहिला रनिंग बॅक. आणि २०२५ ला लाइन दुखापतींनी खिळखिळी झाली, लेन जॉन्सन अर्धा सीझन नाही, आणि बार्कलीची सरासरी परत चारच्या आसपास. अर्थात आदल्या वर्षी प्लेऑफ धरून ४३६ वेळा बॉल घेऊन धडका मारल्या होत्या त्याचाही हिशोब कुठेतरी लागतोच, सगळं खापर लाइनवर फोडता येत नाही. पण ३.९, ५.८, ४.१ ही ओळ बघून "बॅक चांगला की वाईट" हा प्रश्नच अर्धवट वाटायला लागतो.

ह्या बाबतीत माझं आवडतं उदाहरण जुनं आहे, सीअॅटल २००६. शॉन अलेक्झांडर २००५ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), १८८० यार्ड, २८ टचडाऊन, तेव्हाचा रेकॉर्ड, टीम सुपर बोलला गेलेली. वय २८. सीहॉक्सनी त्याला आठ वर्षांचं ६२ मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. आणि त्याच मार्च महिन्यात त्याच्यासाठी भोकं पाडणारा लेफ्ट गार्ड (लाइनमधला एक ब्लॉकर) स्टीव्ह हचिन्सन गेला! त्याला फ्रँचायझी टॅगऐवजी थोडे पैसे वाचवायला ट्रान्झिशन टॅग लावला होता, म्हणजे दुसऱ्या टीमची ऑफर तंतोतंत जुळवायची तेवढी मुभा. मिनेसोटाने सात वर्षं ४९ मिलियनची ऑफर दिली आणि त्यात एक कलम घुसवलं, की हचिन्सन टीममधला सगळ्यात जास्त पगाराचा लाइनमन नसेल तर सगळी रक्कम गॅरंटीड. सीअॅटलकडे वॉल्टर जोन्स आधीच त्याच्याहून महाग, म्हणजे जुळवायची तर ४९ च्या ४९ छातीवर. सोडावा लागला. पुढच्या सीझनला अलेक्झांडरचा पाय मोडला, ८९६ यार्ड, सरासरी ३.६, मग ७१६, मग २००८ च्या एप्रिलात नारळ. हचिन्सन पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. पैसे दिले पळणाऱ्याला आणि रस्ता करणारा गेला दुसरीकडे, ह्याहून उलटं काही करता येत असेल तर मला सांगा.

तसंच डिमार्को मरे. २०१४ ला डॅलसकडून ३९२ कॅरी (बॉल घेऊन पळायच्या खेपा), १८४५ यार्ड. ईगल्सनी (हो, तेच ईगल्स, पण तेव्हा निर्णय कोच चिप केलीचे) पाच वर्षं ४२ मिलियनला उचलला, आणि फिलाडेल्फियात ७०२ यार्ड, ३.६. इकडे डॅलसनी त्याच लाइनमागे डॅरन मॅकफॅडनला उभा केला, ज्याच्यावर सगळ्यांनी फुली मारली होती, त्याने १०८९ काढले ४.६ ने.

मग लाइनच सगळं, बॅक काहीच नाही? असंही नाहीये, आणि इथे मी नुसते आकडे घेऊन बोलणाऱ्या मंडळींपासून वेगळा पडतो. २०२२ च्या डॅलसमध्ये एकाच लाइनमागे एलियट ३.८ ने पळत होता आणि पोलार्ड ५.२ ने. लाइन तीच, क्वार्टरबॅक तोच. एलियटला पळून काढलेले टचडाऊन जास्त, बारा, कारण गोल लाइनवर बॉल त्याच्या हातात, पण मोकळी जागा मिळाल्यावर लांब पळून जाणं संपलं होतं. म्हातारा होणारा रनिंग बॅक चार यार्ड काढायचे विसरत नाही, तो चाळीस यार्ड काढायचे विसरतो. म्हणून मी सरासरी नंतर बघतो, आधी बघतो ते वीस यार्डच्या पुढच्या पळी किती, आणि धक्का लागल्यानंतर किती यार्ड काढतो. ह्या दोन गोष्टी लाइनच्या नाहीत, त्याच्या स्वतःच्या आहेत. हेन्री तिशीनंतरही लांब पळी मारत होता, एलियटच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या आटल्या. वयाचा दाखला बघून हे कळलं नसतं.

लोक हेन्रीबद्दल म्हणतात की सुरुवातीची दोन वर्षं तो टेनेसीत ह्याच डिमार्को मरेच्या मागे बसला, ११० आणि १७६ कॅरी, म्हणून शरीर ताजं राहिलं. अर्धं खरं. पण अलाबामाला २०१५ च्या एका सीझनमध्ये त्याने ३९५ कॅरी केल्या होत्या आणि २०२० ला ३७८, त्यानंतर २०२१ ला आठव्या मॅचमध्ये पाय मोडलाच की. आणि परत येऊन १५३८ यार्ड. अशी शरीरं नियम सांगायला उपयोगी नाहीत. फ्रँक गोर दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं कॉलेजात करून आला आणि १६००० यार्ड काढून सदतिशीत थांबला, म्हणून कोणी सदतीसपर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट देत नाही.

कारण कडा दिसत नाही हो. उतार असता तर सोपं होतं, दर वर्षी दहा टक्के कापा. एड्रियन पीटरसन २०१५ ला ३० वर्षांचा, १४८५ यार्ड, लीगमध्ये पहिला. २०१६, गुडघा, तीन मॅच, ३७ कॅरीत ७२ यार्ड. डॅल्विन कुक २०२२ ला ११७३ यार्ड, वायकिंग्सनी जून २०२३ ला सोडला तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांना नावं ठेवली, जेट्सकडे जाऊन २१४ यार्ड, एकही टचडाऊन नाही. वय २८. मॅककॅफ्रीचं उलट, कॅरोलिनात पैसे मिळाल्यावर दोन सीझन मिळून दहाच मॅच, मग सॅन फ्रान्सिस्कोला २०२३ चा ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, मग परत नवीन पैसे आणि चार मॅच, मग २०२५ ला पूर्ण १७. पण तो अर्धा रिसीव्हर आहे, त्याला रनिंग बॅकच्या मापाने मोजूच नका, पास झेलणारा बॅक दोन पगारांचं काम करतो.

तर हेन्रीच्या ३० मिलियनबद्दल माझं मत. २०२४ चं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे रेव्हन्सनी केलेली दिवसाढवळ्या लूट होती. २०२५ चं एक्स्टेंशन लूट नाही, रास्त भाव आहे. वर्षाला १५ म्हणजे त्या वर्षीच्या २७९.२ च्या कॅपचा साडेपाच टक्क्यांच्या आत, लमार भरात असताना, आणि २०२५ लाही माणूस १५०० च्या पुढे गेला. मला खटकतं ते एवढंच की जुन्या कराराचं एक वर्ष बाकी होतं, नवीन वर्षं त्याला ३२ आणि ३३ व्या वर्षी लागू होणार, मी रेव्हन्सच्या बाजूला बसलो असतो तर एक सीझन थांबलो असतो. हेन्रीच्या बाजूला बसलो असतो तर रात्रीतून सही घेतली असती.

मला स्वतःला कोणी तिशीतल्या स्टारसाठी कागद लिहायला सांगितला तर दोन वर्षं लिहीन, तिसरं लिहायचंच असेल तर बिनगॅरंटीचं, दिखाव्यापुरतं. पहिलं वर्ष पूर्ण गॅरंटी, दुसरं अर्धं. साइनिंग बोनस लहान, म्हणजे कापायची वेळ आली तर मागे ढीग राहणार नाही, आणि पैशाचा एक भाग मॅचगणिक, मैदानावर असलास तर मिळेल असा. कॅपच्या सहा टक्क्यांच्या वर जाणार नाही. आणि क्वार्टरबॅक अजून सापडलेला नाही, लाइनमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत अशी टीम असेल तर दोन मिलियनलाही घेऊ नका, पाचव्या राउंडचा पोरगा आणा. कॅन्सस सिटीने सातव्या राउंडच्या पाचेकोला घेऊन दोन सुपर बोल जिंकलेत.

तुम्ही रेव्हन्स बघणारच असाल तर आता हेन्रीच्या एकूण यार्डवर जाऊ नका, त्याला बॉल इतका मिळतो की हजार कसेही होतील. वीसच्या पुढच्या पळी महिन्याला किती होतायत ते मोजा, आणि गार्डच्या जागांवर टीम पैसे लावतेय का तेही. पळी आटल्या आणि गार्डही जुनेच, असं दिसलं तर २०२७ चं वर्ष त्याला बॉल्टिमोरमध्ये मिळेल ह्यावर मी तरी पैज लावणार नाही.